सतरा नंबरची हजेरी

"सतरा," इतिहासाच्या सरांनी पुकारलं, आणि मी दाराबाहेर उभी असताना आतून माझाच आवाज म्हणाला, "हजर."

कडीकडे गेलेला हात तिथेच थांबला. सतरा नंबर माझा. सहा नंबरच्या खोलीत बसणाऱ्या चौतीस जणांत 'हजर' म्हणणारी मी एकटी. बाकीची सगळी 'येस सर' म्हणून मोकळी होतात. आणि हा हजर नुसता शब्दाने माझा नव्हता, पुरता माझा होता. मधे जरा लांबवलेला आणि शेवटी बरणीचं झाकण दाबून बसवावं तसा बंद केलेला. आपला आवाज बाहेरून ऐकणं हे काही सुखाचं नसतं. लेकीने एकदा माझं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून मलाच ऐकवलं होतं, तेव्हा मी म्हटलं होतं, ही कोण बया, हिला आधी गप्प कर. तीच बया आज वर्गात जाऊन बसली होती आणि मी बाहेर राहिले होते.  आणि त्या शब्दानंतर आत जी शांतता पसरली ती माझ्या चांगल्या ओळखीची. दोन श्वासांएवढी असते ती. आवाज खोटा आहे हे हजेरी घेणाऱ्याच्या कानाला कळलेलं असतं आणि पेन्सिल कागदाच्या वर अधांतरी असते. त्या दोन श्वासांत काय ते ठरतं. मी श्वास धरून उभी राहिले. मग सर म्हणाले, "अठरा."

मला हे कळतं, कारण हाच माझा धंदा होता. एकतीस वर्षं मी दोऱ्याच्या कारखान्यात फाटकाशेजारच्या खोलीत बसून हजेरी घेतली. समोर मस्टर, उजव्या हाताला निळी पेन्सिल, डाव्या हाताला लाल. बाहेर रांग. मी नंबर पुकारायचा, रांगेतून हजर यायचं, मी निळी खूण करायची. मान वर करायची गरजच नसायची. तीनशे चाळीस माणसांचे आवाज मला पाठ होते, आणि कोणाला सर्दी झाली, कोण घरी भांडून आलं, कोणाचं लग्न ठरलं हे त्या एका शब्दावरून मला त्यांच्या शेजारणींआधी कळायचं. मान खाली आणि कान वर, असं माझे वडील म्हणायचे. माझ्याआधी ती खुर्ची त्यांची होती. माझ्या मस्टरवर कोणाच्या नावाने दुसरं कोणी कधी हजर झालं नाही. या गोष्टीची मला घमेंड होती, ती लपवण्यात काय अर्थ आहे? पुढे कारखान्यात अंगठा ओळखणारं यंत्र आलं. त्याला सर्दीपडसं कळत नाही, पण अंगठा कळतो. मला हारतुरे देऊन घरी पाठवलं.

तर आता दार उघडून आत जायचं म्हणजे एका वर्गात दोन सतरा नंबर होणार आणि जिने कोणी माझा आवाज काढला ती उभ्याउभ्या पकडली जाणार. मी कडीवरचा हात काढून घेतला आणि चोरासारखी चार पावलं मागे येऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले. पिशवी मांडीवर घेतली. तिच्यात डबा होता, वही होती, नातवासाठी विणायला घेतलेला अर्धा मोजा होता आणि घडी घातलेला एक अर्ज होता. अर्जात लिहिलं होतं की माझे नाव प्रथम वर्षाच्या पटावरून कमी करावे, कारण घरगुती. मुळात मला उशीर झाला तो या अर्जामुळेच. तो द्यायला ऑफिसच्या खिडकीशी गेले, तर तिथे 'पाच मिनिटांत येतो' अशी पाटी. आमच्या क्लार्कची पाच मिनिटं त्याच्या चहाच्या कपाएवढी नसतात, किटलीएवढी असतात. उभी राहून राहून कंटाळले, म्हटलं आपला शेवटचा म्हणून हा तास बसून घेऊ, मग देऊ. म्हणून वर आले.

घरगुती कारण काही नव्हतं. घरी उलट आनंदीआनंद होता. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक, त्याची दुपारपाळी असते, म्हणून सकाळी तोच माझा डबा भरतो आणि दारात उभा राहून विचारतो, "पेन घेतलंस का? कोणी त्रास देत असेल तर नाव सांग." लेक फोनवर बाळाला म्हणते, "रडू नकोस हं, आजीची परीक्षा जवळ आली आहे." कॉलेजात जा म्हणून मागे लागली ती लेकच. मी अठराव्या वर्षी नऊ दिवस कॉलेजात गेले होते. नऊच. दहाव्या दिवशी वडिलांना फाटकापाशी अर्धांगाचा झटका आला आणि अकराव्या दिवशी त्यांच्या खुर्चीत मी होते. त्या नऊ दिवसांतला माझा नंबर एकेचाळीस होता हे मला अजून आठवतं, लग्नाची तारीख मात्र आठवून सांगावी लागते. ही गोष्ट मी लेकीला ती लहान असताना कधीतरी झोपवताना सांगितली असणार. तिने ती जपून ठेवली आणि मी कारखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात कॉलेजचा फॉर्म समोर आणून ठेवला. "दहावा दिवस राहिलाय ना तुझा?" म्हणाली.

तो दहावा दिवस असा उजाडला. मी सहा नंबरच्या खोलीच्या दारात पाय ठेवला आणि सगळा वर्ग खाडकन उभा राहिला. माझ्या मागे कोण आलं म्हणून मी वळून पाहिलं, तर मागे शिपाई. त्याने अदबीने माझ्या हातात दोन खडू आणि डस्टर ठेवलं. मीही वेंधळी, ते घेतलं. मला वाटलं, प्रथम वर्षाला देत असतील. मी जाऊन पहिल्या बाकावर बसले तेव्हा ती पोरं अजून उभीच होती, आणि मग एकेक जण असा हळूहळू बसला, जसं काही बसण्यातच काही चूक होईल. कोणी हसलंसुद्धा नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी त्यांची 'मॅडम' झाले. मी जिन्याने येताना दिसले की पोरं भिंतीला चिकटून वाट देतात. कँटीनमध्ये मी शिरले की गप्पांचा आवाज खाली येतो आणि एखादा उठून मला खुर्ची देतो. दोन महिने झाले, माझ्या बाकावरची दुसरी जागा रिकामीच आहे. तीन-तीन जण एका बाकावर कोंबून बसतील, पण तिथे कोणी येणार नाही. काल संध्याकाळी मी स्वतःलाच सांगितलं की बाई गं, हौस झाली, आता पुरे. इतिहास घरी बसूनही वाचता येतो. आणि अर्ज लिहिला.

मला वाचनच हवं होतं असं नाही, हे मला त्या पायरीवर बसून कबूल करावं लागलं. मला ते सगळं हवं होतं. ग्रंथालयातली ती हलणारी शिडी, पुस्तकावर तारखेचा शिक्का मारताना होणारा ठप्प आवाज, फळ्यावरची धूळ, पेपर हातात पडल्यावर छातीत होणारी धडधड. पहिल्या चाचणीत मला वीसपैकी अकरा मिळाले. सरांनी समासात लिहिलं होतं, 'तारखा अचूक, मत कुठे आहे?' मी घरी जाऊन नवऱ्याला विचारलं, मत कुठे असतं रे? तो म्हणाला, तुझं तर नाकावर असतं, तिथे शोध. दोघंही पोट धरून हसलो. आयुष्यात कोणी मला माझं मत मागितलं नव्हतं. मस्टरवर मताचा रकानाच नसतो. त्या अकरा मार्कांचा मला जेवढा आनंद झाला तेवढा हारतुऱ्यांचा झाला नव्हता. फक्त तो कागद घेऊन कोणाच्या तरी बाकाशी जाऊन 'तुला किती?' असं विचारायचं होतं. एवढंच राहिलं होतं. सगळी पोरं एकमेकांचे कागद ओढत होती आणि मी माझा घडी घालून ठेवून दिला होता.

आणि आज हे. आत सर काहीतरी लिहीत होते, खडूचा आवाज येत होता. माझ्या मनात आलं, ही टिंगल आहे. दुसरं काय असणार? बिनचूक नक्कल करायची तर आधी घोकावं लागतं. म्हणजे कँटीनमध्ये, मी नसताना, ही सगळी माझा हजर घोकत असतील आणि लोळून लोळून हसत असतील. माझे कान गरम झाले. बरं, टिंगल तर टिंगल, पण टिंगल करायची तर मी समोर असताना करतील, माझ्या माघारी माझी हजेरी लावून यांना काय मिळणार? आवाज कोणाचा असेल हे मात्र मला कळलं होतं. एकतीस वर्षांचे कान वाया जात नाहीत. दुसऱ्या रांगेतली ती बारकी मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती बाकावरसुद्धा एका जागी राहत नाही. माझ्या आवाजाच्या खाली तिचा आवाज होता, घाईघाईत वर चढवलेल्या मोज्यातून अंगठा दिसावा तसा.

तेव्हा मला रीळ भरणारी ती बाई आठवली. मला ती आठवायला नको होती. माझ्या नोकरीचं सहावं की सातवं वर्ष असेल. एकशे बारा नंबर पुकारला आणि हजर आलं. मी मान वर न करता म्हटलं, "ही ती नव्हे."  एकशे तेरा नंबरच्या बाईने मैत्रिणीसाठी आवाज दिला होता. मैत्रिणीचं पोर तापाने फणफणलं होतं, ती तासाभरात येणार होती. एकशे तेरा म्हणाली, "बाई, एवढ्या वेळी जाऊ द्या." मी गैरहजेरीच्या दोन लाल फुल्या मारल्या, एक एकशे बाराला आणि एक एकशे तेराला. ती 'बरं बाई' म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी मी घरी येऊन ही गोष्ट मिरवत सांगितली होती, आणि वडील, ज्यांना तेव्हा नीट बोलता येत नव्हतं, ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मला वाटलं, त्यांना दम लागला. आता त्या पायरीवर मला वाटलं की त्या दोन श्वासांत वडील कधी कधी 'एकशे तेरा' म्हणून पुढे जात असले पाहिजेत. आणि हेही वाटलं की माझ्यासाठी कधी कोणी हजर म्हटलं नाही, कारण माझा नंबर कधी पुकारलाच गेला नव्हता. हजेरी घेणारीची हजेरी कोण घेणार? मला वाईट वाटलं, सरळ सांगते, फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी, का कोण जाणे, हसूही येत होतं. ही पोर पकडली गेली नाही याचा मला आनंद झाला होता, मला, लाल पेन्सिलवालीला.

"बाई, इथे का बसलात?" शिपाई पाण्याची कळशी घेऊन वर येत होता. "चक्कर आली का? सरांना सांगू?"

"नको, नको!" मी त्याचा हातच धरला. "सरांना अजिबात सांगू नका. मी आत आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं. "तुम्ही आत आहात," तो म्हणाला.

"हो. हजेरी लागली आहे माझी."

त्याने कळशी दुसऱ्या हातात घेतली. मग त्याचा चेहरा असा उलगडला की त्याला दात किती आहेत हे मला पहिल्यांदा कळलं. "म्हणजे तुम्ही खरंच इथे शिकता," तो म्हणाला. "मला वाटायचं, तुम्ही वरून तपासणीला आलेल्या आहात." आणि कळशी हिंदकळवत, स्वतःशी हसत निघून गेला.

घंटा झाली. दार उघडलं आणि पोरं बाहेर लोटली. नेहमीप्रमाणे भिंतीला चिकटायच्या बेतात होती, पण मी वाटेतच बसले होते, त्यामुळे सगळी गाडी जिन्याच्या तोंडाशी अडली. सर शेवटी बाहेर आले, काखेत हजेरीबुक. माझ्याकडे एक नजर टाकली, चष्मा पुसला, "आजचा भाग महत्त्वाचा होता, कोणाकडून तरी उतरवून घ्या," असं म्हणाले आणि खाली गेले. भिंगरीचा चेहरा पांढरा पडला होता.

"मॅडम, तुम्ही इथे होता?" ती म्हणाली. "म्हणजे ऐकलंत?"

"ऐकलं. शेवट अजून घट्ट करायचा. माझा हजर तोंड मिटून येतो."

 मागून एक जाडा आवाज म्हणाला, "मी सांगितलं होतं ना, घट्ट करायचा!" हा त्यांच्यातला सगळ्यात उंच मुलगा, शेवटच्या बाकावर बसणारा, त्याला खांब म्हणतात. "माझा हिच्यापेक्षा चांगला येतो, मॅडम. पण ही ऐकतच नाही."

"टिंगल करत होता का रे माझी?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडून गेलंच.

"टिंगल?" भिंगरीचे डोळे मोठे झाले. "अहो, कमी हजेरीवाल्यांची यादी लागली आहे खाली! पाहिली नाही तुम्ही? मुलीच्या बाळंतपणाला गेला होता ना, ते बारा दिवस धरले आहेत. आता एक जरी तास चुकला तर परीक्षेला बसू देणार नाहीत. आज तुम्ही दिसला नाहीत तर आम्ही घाबरलोच. मग मी म्हटलं, जे होईल ते होईल."

यादी मी पाहिलीच नव्हती. जी बाई एकतीस वर्षं दुसऱ्यांची हजेरी मोजत आली, तिने स्वतःची मोजलीच नव्हती. मी पायरीवरून उठायला गेले तर पाय मुंग्यांनी भरलेले. खांबाने हात दिला.

"पण मग," मी म्हटलं, "दोन महिने कोणी माझ्या शेजारी का बसत नाही?"

 भिंगरी माझ्या मांडीवरून खाली घसरलेल्या पिशवीकडे बघत होती. "तुम्ही पिशवी ठेवता ना तिथे," ती म्हणाली. "रोज. पहिल्या दिवसापासून. आम्हाला वाटलं, तुम्हाला कोणी नको असतं."

खरंच की. आले की मी पिशवी ठेवत होते. फाटकाच्या खोलीत खुर्ची एक आणि बाजूला बाकडं, त्यावर माझी पिशवी, एकतीस वर्षं. तिथे कोणी बसायचं नाही असा नियम होता, कारण हजेरी घेणाऱ्याशी सलगी बरी नव्हे. नोकरी सुटली, पण पिशवी आपल्या जागेवर जाऊन बसत राहिली आणि मी तिच्या शेजारी बसून लोकांना दोष देत राहिले. मी इतकी हसले की मला परत पायरीवर बसावं लागलं. आधी खांबाला हसू फुटलं, मग सगळ्यांना.

"आजचं उतरवून देते तुम्हाला," भिंगरी डोळे पुसत म्हणाली. "कागद आहे का एखादा?"

मी पिशवीत हात घातला आणि हाताला आला तो कागद दिला. तिने घडी उलगडली, कोऱ्या बाजूवर भराभर चार तारखा लिहिल्या, मग उलटून पाहिलं. ओठ हलवत वाचलं. "हे काय, सतराकाकू?"

म्हणजे माझ्या माघारी मी मॅडम नव्हते. सतराकाकू होते.

"काही नाही," मी म्हटलं. "पाठकोरा आहे. वापर."

तिने माझ्याकडे नीट रोखून पाहिलं, कागद परत उलटला आणि तारखांच्या खाली मोठ्या अक्षरात एक आकडा लिहिला. नऊ. "हा माझा नंबर," ती म्हणाली. "उद्या इतिहास पहिल्या तासाला आहे आणि मी झोपणार आहे. माझा आवाज काढता येईल ना?"

खाली उतरलो तेव्हा क्लार्कची खिडकी उघडली होती. "बाई, तुमचं काही काम होतं ना?" तो किटलीभर चहा पिऊन ताजातवाना झाला होता. मी म्हटलं, "होतं. झालं." घरी गेले आणि रात्री भाजी चिरताना 'येस्सर' म्हणायला लागले. तिचा येस्सर जिभेवरून घसरतो, जसं काही तिला पुढे दुसरीकडे जायचं आहे. नवरा डेपोतून आला तेव्हा मी बाविसाव्यांदा म्हणत होते. तो दारातच थांबला. "कोण पाहुणी आली आहे?" त्याने विचारलं, आणि मला कळलं की जमलं.

सकाळी मी पहिल्या बाकावर बसले आणि पिशवी खाली, पायाशी ठेवली. थोड्या वेळाने एक चष्मेवाली मुलगी आली, त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, आणि जणू रोजचंच असावं तशी येऊन बसली. तिने मला कोपराने जरा सरकायला लावलं. मी सरकले. सर आले, दार लावलं, हजेरीबुक उघडलं, मान खाली घातली. सहा, सात, आठ.  पहिल्या बाकावर, सरांच्या नाकासमोर, केस पिकलेली मी. असं खोटं कोणी बोलतं का? सरांनी नुसती नजर वर केली असती तरी संपलं होतं. मला एकशे बारा आणि एकशे तेरा आठवल्या, दोघींचे आवाज स्पष्ट आठवले.

"नऊ," सर म्हणाले.

"येस्सर," मी म्हटलं.

दोन श्वास. पेन्सिल अधांतरी थांबलेली मला दिसत होती. मी माझ्या आयुष्यात इतका लांब श्वास घेतला नव्हता. मग पेन्सिल खाली टेकली. "दहा."

आणि मग ते आलं. पोटातून सुरू झालं, दहाला थोपवलं, अकराला दात आवळले, बाराला रुमाल तोंडात कोंबला. शेजारची चष्मेवाली थरथरायला लागली होती, तिच्यामुळे बाक हलत होता. चौदा, पंधरा. डोळ्यांतून पाणी. सोळा.

"सतरा," सर म्हणाले.

मी तोंड उघडलं आणि हसण्याशिवाय त्यातून काहीच बाहेर येईना. मी होते, समोर होते, त्या खोलीत दुसरं कोणी नसेल इतकी होते, पण एक शब्द फुटेना. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून, त्या जाड्या गळ्यातून, जरा लांबवलेला आणि शेवटी घट्ट बंद केलेला आवाज आला, "हजर."

सरांनी वर्षात पहिल्यांदा हजेरीच्या मधे मान वर केली. आधी मागे खांबाकडे पाहिलं. मग माझ्याकडे, रुमालाकडे, माझ्या वाहणाऱ्या डोळ्यांकडे. मग परत खाली वाकले आणि खूण केली.

"अठरा," ते म्हणाले, आणि त्यांचाही आवाज काही नीट लागला नाही.